विहिरीमागची चार झाडं

फाल्गुन शुद्ध २, शके १८४७. मुक्काम बीबी.

उपटली! विहिरीमागची भांगेची चारही झाडं मुळासकट उपटली. आबकारीचा जमादार उकंडराव सकाळीच शिपाई घेऊन आला तो थेट विहिरीकडे गेला. घरात डोकावलासुद्धा नाही. म्हणजे कुणीतरी चुगली केलीच!

म्हटलं, बायकोच्या पोटात गाठ आहे, भांगेनंच तिला आराम पडतो. तर म्हणतो, "दुखणं डाक्टरले सांगा, वैद्यबुवा. बिगरपरवान्याचं झाड म्हणजे गुन्हा." परवान्यासाठी मी दोनदा अर्ज केला. उत्तर नाही! टिपणांची वहीही नेली — कोणत्या रोग्याला तुपातून किती गुंजा भांग दिली, किती वेळ झोप लागली — पाच वर्षांचं सगळं त्यात.

तीनच दिवसांपूर्वी, शिवरात्रीला, गोजरच्या गाठीसाठी महादेवाला साकडं घातलं. ओंजळभर भांग वाहिली. हेच का फळ?

शुद्ध ३

शेषराव. दुसरा कोण? गावातलं गांजा-भांगेचं परवान्याचं दुकान त्याचं. घरची झाडं असताना मी त्याची पायरी चढत नव्हतो, ते त्याला खुपत होतं. थांब लेकाच्या! तुझ्या दुकानाला कुलूप लागलं नाही तर नावाचा वैद्य नाही.

शुद्ध ५

गोजर दुपारभर पदर चावत पडली. मला बघवेना. शेवटी नाक मुठीत धरून शेषरावकडेच गेलो. त्याने आतून पुडी आणली. "काडीकचरा निवडून ठेवला, वैद्यबुवा. वहिनीले द्या. रोज काऊन चक्कर मारता? महिन्याची घेऊन जा." डोळ्यांत पाणी आणलं होतं — नाटकी!

संध्याकाळी गोजर अर्धी भाकर जेवली. मी पुडीकडेच बघत होतो. एका माणसाला एका वेळी जितकी विकायची परवानगी, त्याच्या तिप्पट तरी असेल. कायद्याबाहेर!

सापडलास, शेषराव.

शुद्ध ६

दोन दिवसांची भांग काढून ठेवली आणि बाकीची पुडी उकंडरावपुढे टाकली. "तुम्ही होऊन सांगितलं म्हून तुमच्यावर खटला नाही," म्हणाला.

दुपारी दुकानाला सील लागलं. मी मुद्दाम समोरच्या ओट्यावर बसून पाहिलं. शेषराव पायरीवर उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घालून घराकडे निघाला. चोराच्या मनात चांदणं!

आज जेवताना दोन घास जास्तच गेले.

शुद्ध ८

काढून ठेवलेली संपली. दुसरं दुकान देऊळगाव राजाला. उद्या गाडी जुंपतो. पण केलं ते बरंच केलं.

शुद्ध ९

जाण्याआधी चौकीवर जबाबावर सही करायला थांबलो. म्हटलं, माझ्या झाडांचं शेषरावनेच सांगितलं ना? उकंडराव हसला. "शेषराव? त्याले ठाऊक असून त्यानं कधी तोंड नाही उघडलं! शिवरात्रीले मी दर्शनाले गेलतो. पिंडीवर हिरवीगार भांग! दुकानात तर सुकीच येते. गुरवाले विचारलं, कोनं वाह्यली?"

देऊळगावला न जाता गाडी तिथूनच परत फिरवली. कशासाठी, ते मलाच कळलं नाही. दारात पाय ठेवला तर गोजर कण्हतच विचारते, "शेषरावभाऊजीकडून आणली का हो?"