काकूंना कळू नये, आमेन

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्या आणि (तुझ्याच शब्दांत सांगायचं तर) बिनकामाच्या भावाचा प्रेमाचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला, की त्यांच्या बदलीबरोबर तोही तिकडे मुक्कामाला आला? उत्तरात दोन्हींचं सविस्तर लिही. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. (हे वाक्य लिहायचं असतं म्हणून लिहिलंय. त्यावर फार विसंबू नकोस.)

जाताना तू संडेस्कूलचा लहान मुलांचा वर्ग माझ्या गळ्यात मारलास, तेव्हा म्हणाली होतीस की लेकरं गरीब आहेत, नुसतं लक्ष ठेवायचं. तुला खोटं बोलता येत नाही असं मी आजवर समजत होतो. मागच्या महिन्यात नोहाचं तारू शिकवायचं म्हणून मी दुकानातून मोठ्या फ्रिजचं रिकामं खोकं डोक्यावर घेऊन गेलो. (दुकान बरं चाललंय. उन्हाळ्यात लोकांचे फ्रिज बिघडतात, देवाची कृपा.) प्राण्यांच्या जोड्या लावायला गेलो तर सगळ्यांना सिंहच व्हायचं होतं. शेवटी तारू भरून सिंह आणि एक गाय असं निघालं, आणि ती गायसुद्धा मीच. बेकरीवाल्याच्या मुलाने, ज्याला सगळे भोपळ्या म्हणतात, आत उडी मारून खोक्याचा तळ फोडला. सुताराची धाकटी आहे ना, जिला मी मनातल्या मनात वकीलबाई म्हणतो, तिने विचारलं की खोक्यावर ‘ही बाजू वर’ लिहिलेलं खाली का आहे, आणि असं तारू बुडणार नाही का. याचं उत्तर तुझ्या धड्यांच्या पुस्तकात नाही, मी पाहिलं.

आता मूळ मुद्दा. खरं तर मूळ मुद्द्याकडे यायला नको म्हणूनच तारवाबद्दल एवढं पाल्हाळ लावलं.

माझ्या मानेवर, कॉलरच्या जरा खाली, गाठ आली आहे. दुखत नाही, पण आहे. डॉक्टरने सुई घालून नमुना घेतला आणि रिपोर्ट येत्या सोमवारी मिळेल असं सांगितलं. तोवर काळजी करू नका, असंही म्हणाला, आणि तेव्हापासून मी दुसरं काही करतच नाही. मी घाबरलोय, ताई. कॉम्प्रेसर उघडतो आणि काय बघायला उघडला तेच विसरतो. बायकोला सांगितलेलं नाही. तिची आई अशाच एका रिपोर्टनंतर गेली, त्याला अजून वर्ष व्हायचंय. आत्ता कुठे ती कामात रमायला लागली आहे, म्हणून मी ऐन उकाड्यात शर्टाचं वरचं बटण लावून फिरतो. तिला वाटतं, लेकरांना शिकवायला लागल्यापासून माणसाला शिस्त लागली. शेजारीपाजारी तसं कौतुकाने सांगूनही झालंय.

घोळ झाला तो तुझ्या पद्धतीमुळे. शिक्षकाने ओळ म्हणायची आणि मुलांनी ती मागून म्हणायची, ही सवय तूच लावून गेलीस. दोन रविवारांपूर्वी धडा प्रार्थनेचा होता. मी म्हटलं, डोळे मिटा, मनात जे खुपतंय ते देवाला सांगा, लपवू नका. त्यांनी मिटले, मीही मिटले. खोली पहिल्यांदाच इतकी शांत झाली की मला मुलांचा विसर पडला आणि मी मोठ्याने बोलू लागलो. मागून काहीतरी घुमत होतं, पण वाटलं की शेजारी मोठ्यांची गाण्याची तालीम चाललीय. आमेन म्हणून डोळे उघडतो तर सगळी चिमुरडी हात जोडून बसलेली. वकीलबाईंनी लगेच विचारलं, “तिला कळू नये म्हणालात, ती म्हणजे कोण?” मी गोंधळात खरं सांगून बसलो. मग त्यांनी ती ओळ दुरुस्त करून सगळी प्रार्थना पुन्हा म्हटली: हे देवा, मानेवरची गाठ साधी निघू दे, रिपोर्टच्या सोमवारी एकट्याने जायची भीती वाटते, काकूंना कळू नये, आमेन. ज्यांना दहा आज्ञांपैकी दोन धड येत नाहीत, त्यांचं हे पाठांतर बिनचूक.

गेल्या रविवारी दुसरी प्रार्थना शिकवायला गेलो, जेवणाआधीची, साधी. म्हणाले, ती नको, काकांची म्हणू. गोळ्यांची लाच दिली. गोळ्या संपल्या, प्रार्थना तीच राहिली.

आणि या रविवारी चर्चमध्ये मुलांची उपासना. पाळकसाहेबांनी जाहीर केलंय की यंदा पाठांतर नको, लेकरांनी मंडळीपुढे उभं राहून आपल्या मनातली प्रार्थना करावी. मन कुणाचं, ते त्यांना काय ठाऊक. बायको पहिल्या बाकावर असणार, कारण मुलींचे फ्रॉक तिनेच शिवलेत. त्या दिवशी आजारी पडावं म्हटलं, तर सध्या आजारी हा शब्द उच्चारायचीच हिंमत होत नाही. तुझं मुलं ऐकायची. काय करू, ते उलट टपाली लिही.

तुझा,
गळ्यापर्यंत बटणं लावलेला भाऊ

ता. क. तारवाचं खोकं वर्गातच आहे. भोपळ्या त्यात झोपतो.

ता. क. २. रविवारचं काहीतरी निभावून नेईन. तुला सोमवारी येता येईल का? आत यायला नको, दवाखान्यात बाहेर बाकावर बसलीस तरी पुरे. दाजींना सांग, संडेस्कूलचं काम आहे.

ता. क. ३. ताई, आता मी लिहितेय. पाकिटावरचा पत्ता मीच घालते, कारण ह्यांचं अक्षर पोस्टमनला कळत नाही, म्हणून पत्र हाती आलं आणि वाचलं. नवीन काही नव्हतं. फ्रॉकचं माप द्यायला सुताराची धाकटी आली होती. हात वर करून उभी असताना काळजीने म्हणाली, “काकू, तुम्हाला अजून कळलं नाही ना? आम्ही रोज प्रार्थना करतो.” आणि गाठीपासून आमेनपर्यंत सगळी म्हणूनही दाखवली. मी म्हटलं, “नाही गं, अजून नाही.” पोरीने इतक्या मनापासून मागितलेलं, मोडवेना. ती गेल्यावर मशीन तसंच ठेवून बराच वेळ रडले. ह्यांना यातलं काही बोलू नका, रविवारपर्यंत त्यांना बटण लावू द्या. सोमवारी मात्र तुम्ही याच. बाक दोघींना पुरेल, मी बघून आले आहे.