भातरोग ॲपच्या एकोणीस चाचण्या वगळल्याबद्दल

प्रति,
मा. डॉ. हनुमंतराव,
संशोधन अधिष्ठाता,
अभियांत्रिकी महाविद्यालय, तंजावर

विषय : भातरोग ॲप मागे घेणे व शोधनिबंधावरून माझे नाव काढणे.
संदर्भ : माझे तीन इंग्रजी अर्ज (अनुत्तरित), विभागप्रमुखांचा कालचा मेमो.

महोदय,

आपल्या घरी मराठी बोलतात व आपण देवनागरी वाचता, म्हणून चौथा अर्ज मराठीत करते. निदान हा इतरांकडे न जाता आपणच वाचाल.

१. पानाच्या छायाचित्रावरून भाताचा रोग ओळखणारा प्रोग्रॅम मी तयार केला. तीच छायाचित्रे देऊन तो वीस वेळा नव्याने शिकवला. अचूक उत्तरे कधी शंभरात एकसष्ट, कधी सत्तर, एकदाच चौऱ्याण्णव. विभागप्रमुख डॉ. शेषाद्री यांनी शोधनिबंधात चौऱ्याण्णव तेवढे छापले व त्याच बळावर ॲप शेतकऱ्यांना दिले. मी हरकत घेतली तेव्हा ते म्हणाले, "अहो बाई, संगणक म्हणजे गणित. बेरीज वीसदा करून कोण बघतं?" उरलेल्या एकोणीस चाचण्यांच्या फाइल दुसऱ्या दिवशी सर्व्हरवरून पुसल्या गेल्या. त्यांचे आकडे माझ्या वहीत आहेत. प्रत जोडली आहे.

२. खालच्या मजल्यावर रसायनशास्त्राची मुले फसलेला प्रयोगही वहीत लिहितात, नाहीतर सही मिळत नाही. आमच्याकडे फसलेले पुसले की सत्काराची शाल मिळते. मला या शालीची किळस येते.

३. तिरुवैयारुजवळच्या शेतकरी शेषम्मा यांनी ॲपचे ऐकून 'करपा' समजून दोनदा फवारणी केली. रोपे वाळतच गेली. त्यांना जस्त कमी पडले होते, हे कृषी कार्यालयाने नंतर सांगितले. एक वाफा उपटून पुन्हा लावावा लागला. त्या पाने घेऊन मोपेडवरून महाविद्यालयात आल्या. म्हणाल्या, "अम्मा, हेच पान उन्हात धरलं तर करपा सांगतं, सावलीत धरलं तर रोग नाही सांगतं. मी पाच पानं अशी बघितली. खरं कुठलं?" पाचही पानांची उत्तरे त्यांनी पिशवीवर लिहून आणली होती. आमच्या विभागात पाच वर्षांत पाहिलेला हा पहिला खरा प्रयोग. डॉ. शेषाद्री पिशवीकडे न बघता म्हणाले, "त्यांना सांगा, उन्हातच फोटो काढा."

४. त्या निघून गेल्यावर मला स्वतःच्या पगाराचीही शिसारी आली. सोमवारी सकाळी अकरा वाजता मी ॲप बंद केले. ज्यांचे नंबर होते त्या बेचाळीस शेतकऱ्यांना फोन करून कारण सांगितले. शेषम्मांची त्यांच्या बांधावर जाऊन माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत, त्याने अधिकच लाज वाटली.

५. ॲप पुन्हा सुरू करू नये, वीसही निकाल प्रसिद्ध करावेत, आणि तसे होत नसेल तर निबंधावरून माझे नाव काढावे, ही विनंती.

६. मेमोत म्हटले आहे की 'ॲप चुकून बंद झाले' असे लिहून दिल्यास प्रकरण मिटेल. मी ते समजून उमजून, स्वतःच्या हाताने बंद केले. शिक्षा द्यायची तर याच वाक्यावर द्यावी.

कारवाईस तयार असलेली,

भुवना अनिरुद्धराव
सहायक प्राध्यापक, संगणक विभाग
तंजावर, १९ नोव्हेंबर २०२५