एकोणचाळीस फुटांचा बांध

अण्णा, माणच्या शेतात दुपारी जेवायला बसलो की तुम्ही आधी मोजणीच्या टेपवरची माती फडक्याने पुसायचा आणि मग हात धुवायला जायचा. आईने माझ्यासाठी वेगळा बांधून दिलेला जॅम-ब्रेड तुम्ही खायचा आणि तुमची पिठलं-भाकरी मला द्यायचा. घरी गेल्यावर दोघंही गप्प. कॉन्व्हेंटमधल्या मुलीला मे महिन्याच्या उन्हात मोजणीला नेता म्हणून आई आधीच चिडलेली असायची, "काळी पडली तर कोण करेल हिला?" असं ती तुम्हाला विचारायची आणि तुम्ही चपला शोधायला लागायचा.

आता त्या शेतांच्या जागी काचेच्या इमारती आहेत, आणि ज्यांचे बांध तुम्ही मोजलेत त्यांची नातवंडं खोल्या भाड्याने देतात. पण मला तिथून जाताना अजून तो एकच दिवस दिसतो. दोन चुलत भावांची वाटणी होती. टेपचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं माझ्या. मी आकडा वाचते, फॉर्टी नाइन. शाळेत सगळं गणित इंग्रजीत, मराठी आकडे स्वयंपाकघरात ऐकून जेवढे आले तेवढेच. फॉर्टी म्हणजे चाळीस, नऊ आला की एकोण लावायचं, एवढा नियम मला ठाऊक. मी जोरात ओरडते, "एकोणचाळीस!"

थोरला भाऊ बांधावरून उडालाच. "अवो अण्णासाहेब, धा फूट रान गिळलं की पोरीनं!" आणि धाकटा हसत म्हणतो, "ऱ्हाऊ द्या, बराबर हाय. ही पोरगी आमच्याकडंच ठिवा मोजनीला." सगळे हसले. मग थोरल्याने हसणं थांबवून सांगितलं, "टेप गड्याच्या हातात द्या. ह्ये बायकांचं काम न्हाई." मी टेप खाली ठेवायला वाकलेसुद्धा.

तुम्ही चालत माझ्याजवळ आलात, टेप पाहिला आणि म्हणालात, "आकडा तिने बरोबर वाचलाय. नियमही सरळ लावलाय, आपली भाषाच तिथे वळण घेते. बेटा, तू इंग्रजीत सांग, मी मराठीत लिहितो. टेप तूच धर." एवढंच. संध्याकाळपर्यंत मी त्या रानात इंग्रजीत ओरडत होते आणि धाकटा भाऊ माझ्यामागून वेडावत, "फाट्टी नाइन! फाट्टी नाइन!"

पुढे मी नकाशे करण्याच्या कामात आयुष्य काढलं. चुका तिथेही केल्या. माझ्या सोबतचे पुरुष चुकले की आकडा चुकायचा. मी चुकले की "बायकांना दिशा कळत नाहीत" असं कुणीतरी म्हणायचंच. त्या प्रत्येक वेळी मी फक्त आकडा दुरुस्त केला आणि कामाला लागले. हे मला त्या रानात जमलं होतं, म्हणून पुढेही जमलं.

आज हे लिहायला बसले ते एका मुलीमुळे. डोंगरावरच्या धनगरवाड्यातली आहे. वडील शेळ्या-मेंढ्या राखतात, आई लवळ्याला होस्टेलच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. दोन वर्षं ती दर रविवारी आपल्या भूगावच्या घरी माझ्याकडे गणिताला येते. पहिल्या दिवशी मी विचारलं, पुढे काय करायचंय? म्हणाली, "आमचा डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचा का हाय, त्ये बघायचंय. आतून." मी तिला म्हटलं, याला भूगर्भशास्त्र म्हणतात. ती म्हणाली, "नावं नंतर सांगा."

दहावीनंतर तिने कोथरूडला सायन्स घेतलं. आणि गेल्या महिन्यात तिची आई दारात उभी. "बाई, ही सायन्स सोडते म्हनतीय. तुमी बोला. हिचा बाप तर म्हनतोय, शेळ्या काय इंग्रजीत वरडनार हायेत व्हय?" मुलगी पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसली होती. प्रॅक्टिकलला सरांनी थर्टीन सांगितलं, हिने थर्टी लिहिलं, उत्तर भलतंच आलं. सर म्हणाले, तुझा लंबक काय डोंगरावरून टांगला होतास? मागून कुणीतरी ओरडलं, "धनगरवाड्यावरनं!" सगळा वर्ग हसला.

मी तिची समजूत काढली नाही. एकोणचाळीस फुटांची गोष्ट सांगितली. भाजीवाल्याने एकोणसत्तर म्हटलं की मी आजही शंभराची नोट पुढे करून गप्प उभी राहते, तेही सांगितलं. ती हळूहळू वळली. "म्हंजे तुमी मराठीत नापास आनि मी इंग्रजीत?" मग इतकी हसली की आईने तिला चापट मारली. सोमवारी ती वर्गात उभी राहून म्हणाली, "सर, आकडा फळ्यावर लिहा, मी चुकनार न्हाई." सरांनी लिहिला. मागच्या बाकावरच्या चौघांनी गुपचूप आपापलं खोडून बरोबर केलं, असं तिने मला फार खुशीत सांगितलं.

आता अडचण वेगळीच आहे. वरून खाली उतरून पहिली बस धरली तरी सकाळचा तास बुडतो. म्हणून तिने बारावीपर्यंत आपल्याकडे राहावं असं मी सुचवलं. वडील स्वतः पाहायला आले, घोंगडीसकट. तुमच्या खोलीत मधोमध उभे राहिले आणि एकच विचारलं, "खिडकी डोंगराकडं हाय न्हवं?"

तर तुमची खोली रिकामी करायची आहे. तुमचा लांब रेनकोट मी तिच्या वडिलांना देणार, त्यांना बाह्या थोड्या आखूड होतील पण चालेल. मोजणीच्या लाल-पांढऱ्या काठ्या भाच्याला हव्यात, त्याच्या हॉटेलात शोभेला लावायला, लावू दे. नकाशांची गुंडाळी लवळ्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाईल. टेबल आणि दिवा मुलीला. आईचा फोटो माझ्या खोलीत येईल, तुमचाही, दोघं शेजारी.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, पण तुमच्या खोलीला हात लावण्याआधी तुम्हाला विचारावं असं मनात होतं. विचारायला उशीर झाला, अण्णा. किल्ली मी मुलीला कालच देऊन टाकली.