बिशपबाईंचा झगा

शनिवार, १२ ऑगस्ट

जिंकली! डोरीन अचोला आमची बिशप! फक्त एका मतानं! बायकांनी आरोळ्या ठोकून सभागृह डोक्यावर घेतलं.

आणि ते एक मत माझं. नवरा उमेदवार, बायको मतदार — कोणी हरकतसुद्धा घेतली नाही. बायकोचं मत जाणार कुठे!

माझा नवरा, पाद्री ओगोला, माणूस सोन्यासारखा. पण गेल्या वर्षी आमच्या मंडळीतल्या अटिएनोचा नवरा वारला, दिरांनी तिला घराबाहेर काढलं, तेव्हा हा म्हणाला, "प्रार्थना करू." डोरीन जाऊन तिच्या उंबऱ्यावर बसली. दोन दिवस! शेवटी दीरच कंटाळले. माझं मत तिथंच ठरलं.

हे त्याला कधीच कळता कामा नये. घरी येऊन बूट काढले, म्हणाला, "चला, सुटलो." पण जेवला नाही. ताटातली मक्याची उगाली गार झाली. मला रडू आलं.

रविवार, १३ ऑगस्ट

सभेचे सचिव, म्हातारे न्यांग्वेसो दारात. "ओमोलोच्या आई, घोळ झाला!"

निकाल गृहीत धरून त्यांनी महिन्यापूर्वीच मला बिशपचा जांभळा झगा शिवायला सांगितला होता. ओगोलाच्या मापाचा — सहा फूट दोन इंच. "बाई तर पाच फुटांची! उसवा, परत बेता. दोनच आठवडे आहेत."

"बघते," म्हटलं. तोंड गंभीर.

झगा ट्रंकेत आहे. पाच फुटांचाच! माप डोरीनचं, भजनाला तिच्या मागे उभं राहून नजरेनं घेतलेलं. ओगोला जिंकला असता तर? गुडघे उघडे पडले असते बिचाऱ्याचे!

बुधवार, १६ ऑगस्ट

उसवाउसवीचं नाटक करायलाच हवं. दुपारभर मशीन चालवली — दोरा न ओवता. खडखड, खडखड. ओगोला चहा ठेवून गेला. "फार काम पडलं ना तुला?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा मात्र फक्कड होता.

सोमवार, २१ ऑगस्ट

रोज खडखड. रोज चहा. काही न शिवता पाय दुखायला लागले!

रविवार, २७ ऑगस्ट

डोरीनला दीक्षा मिळाली. झगा अंगावर असा बसला! आम्ही पांढरे रुमाल बांधून नाचलो. अटिएनोनं कोंबडी आणली होती, ती वेदीखाली पळाली. नव्या बिशपबाई हसता हसता वाकल्या आणि स्वतःच तिला धरून आल्या.

आशीर्वादाला सगळ्यांत आधी ओगोला गुडघ्यावर बसला.

न्यांग्वेसो म्हणाले, "उसवल्याची खूणसुद्धा नाही! कमाल आहे!" ओगोला माझ्याकडे बघत होता. मी कोंबडीकडे.

सोमवार, २८ ऑगस्ट

सकाळी मशीनवर बसले, तर सुईत दोरा ओवलेला. मी ओवला नव्हता.

ओगोला चहा घेऊन आला. "आज खरंच काहीतरी शिव," म्हणाला. "पहिल्याच दिवशी रिकामी सुई बघितली होती मी."

आणि तरी रोज चहा आणत होता!