गल्लीत वाचलेला आदेश

११ नोव्हेंबर
आणखी एक तक्रार. टपालाने आलेल्या पाकिटातून बँकेचं कार्ड आणि पिनचा कागद गायब, पाकीट परत चिकटवलेलं. शीळफाट्याच्या एटीएममधून पैसेही काढलेत. आधीच्या तक्रारीही त्याच सोसायट्यांमधल्या – म्हणजे परशुराम पोस्टमनच्या भागातल्या. वरून साहेबांचा फोन. पोस्टाच्या इन्स्पेक्टर तुम्ही आहात, या आठवड्यात माणूस हवा.

१३ नोव्हेंबर
परशुरामचा जबाब घेतला. म्हणतो, पाकिटं हातात येतात तीच फोडून चिकटवलेली. मग लेखी का दिलं नाही? तर सुदेशला सांगितलेलं म्हणे. सुदेश आमच्याकडे सॉर्टिंगला, आलेलं टपाल भागवार लावतो. त्याला विचारलं, तर असं काही कानावर आलंच नाही म्हणाला. इतक्या शांतपणे, की मला पटलं.
अहवाल दिला. परशुराम निलंबित.

१५ नोव्हेंबर
पोलिसांबरोबर बाळकुमला, परशुरामच्या घरी झडती. सगळी गल्ली दारात. शिपायांनी गाद्या उसवल्या, डबे ओतले. त्याची बायको मनुबाई सांडलेले तांदूळ गोळा करत बसली. मान वर केली नाही. तो मात्र पूर्ण वेळ माझ्याकडेच बघत होता.
काही सापडलं नाही. तरी निघताना मागून कोणीतरी म्हणालंच – "चोर पोस्टमन."

१६ नोव्हेंबर
जेवण गेलं नाही.

२४ नोव्हेंबर
शंका जाईना म्हणून चार दिवसांपूर्वी टपालात चाचणीची पाकिटं टाकलेली, आत खोटी कार्डं, पत्ते परशुरामच्याच भागातले. सुदेशच्या टेबलावरून पुढे गेली ती फोडलेलीच. आणि परशुराम तर घरी बसलेला! आज पोलिसांसमोर सुदेशची बॅग उघडली. कार्डं आतच. तो रडायला लागला. मला दया आली नाही. रडण्याचा हक्क त्याचा नव्हताच.

२८ नोव्हेंबर
कामावर परत घेण्याचा आदेश घेऊन बाळकुमला. मनुबाईने आत बोलावलं नाही. परशुरामने दारातच वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला.
"मॅडम, त्या दिवशी आलेलात तशाच या. पोलिसांना घेऊन. सगळ्यांसमोर वाचा. मग बघू."
साहेबांना सांगितलं. नियमात असं काही बसत नाही म्हणाले. पोलीस ठाण्यात तर हसले.

१ डिसेंबर
एकटीच गेले. गल्लीत उभं राहून मोठ्याने वाचलं. चूक माझी होती, हे आदेशात नव्हतं – तेही बोलले. एकेक करत सगळी दारं उघडली. परशुरामच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला.