परतीचा एक तास कमी

ती. आईस,
लंडनच्या थंडीतून देवश्रीचा नमस्कार.

सुखरूप पोचले. मुंबईहून सात हजार दोनशे किलोमीटर, दहा तास. परत यायला मात्र नऊच लागतात म्हणे! का, असं विचारून हवाईसुंदरीला भंडावलं. ती म्हणाली, परतताना वारा मागून ढकलतो. शेजारचे काका वैतागले, "अहो ताई, सभेला निघालात का? झोपू द्या!"

भाषणांत मी उगाच ‘सातासमुद्रापार’ म्हणत आले. सावेडीच्या आपल्या घरापर्यंत धरलं, तरी हे एका दिवसाचं अंतर आहे.

म्हणून "ती लांब आहे, कशाला कळवायचं" हे तुझं म्हणणं मला साफ अमान्य. तुझ्या हृदयाच्या ऑपरेशनचं अनीशदादा फोनवर बोलून गेला. गोळ्या घेतेस ना वेळेवर? तारीख ठरली की आधी कळव, झाल्यावर नको.

तुझीच,
देवश्री