चौथं ठिगळ

ती. दादास,

तुला नमस्कार, आणि प्लास्टरमधल्या पायाला वेगळा. खाज सुटली तरी नर्सबाईंची पट्टी पळवून आत खुपसू नकोस.

एक प्रश्न आहे, ज्याचं उत्तर मला येत नाही. चार ठिगळांची पिशवी पाण्याखाली किती वजन पेलते? नवी होती तेव्हा पाच टन, तसं तिच्यावर छापलंय. ठिगळांनंतर किती, हे एकाही पुस्तकात नाही. (पुस्तकं लिहिणाऱ्यांना बरे मालक भेटले असावेत.)

आई म्हणते, आम्ही चूल फुंकून हिला इंजिनिअर केलं आणि ही पिशव्या फुंकते. मी समजावलं, बुडालेल्या बोटीला पिशव्या बांधायच्या, त्यांत हवा भरायची, की बोट वर येते. तिने विचारलं, "आणि हवा गेली की?" तेव्हा मी हसले होते. पुढच्याच आठवड्यात बोट हातभर उचलली, तिसरं ठिगळ सुटलं, आणि बोट परत खाली बसली ती तुझ्या पायावर. तुझ्या जोडीदार पाणबुड्याने हातांनी गाळ उपसला म्हणून आज हे पत्र लिहायला मला दादा आहे.

मालकांनी त्याच पिशवीला चौथं ठिगळ मारलं आणि 'तपासली, चांगली आहे' या कागदावर माझी सही मागितली. पदवीधराची सही असली की विमावाले गप्प बसतात म्हणे. (घरातली पहिली पदवी, आणि तिचंही ठिगळच झालं.) नवी घ्या म्हटलं, तर म्हणाले, "तुझा दादा येतोय ना परत. त्या पिशवीला त्याच्या हाताची सवय आहे." बाकी सगळ्या पाणबुड्यांनी नाही म्हटलं, हेही त्यांनी कौतुकाने सांगितलं. तू हो म्हणालास, हे मला त्यांच्या तोंडून कळावं? माझ्या फीसाठी तू पाण्यात उतरलास. दादा, माझं शिक्षण संपलंय. आता वर ये.

तुझी,
धाकटी

ता.क. बाबांबरोबर आईची शिवणाची कात्री पाठवतेय. दवाखान्याच्या फाटकाशी धारवाला बसतो, वॉर्डबॉयला पाठवून त्याच्याकडून धार लावून घे. आईला बोलू नकोस.

ता.क. आणखी एक. कात्री कशाने बोथट झाली ते राहिलंच. रबर फार जाड होतं. आज मालक जेवायला गेले तेव्हा पिशवी आधी उभी कापली, मग आडवी, आणि बिनसहीचा कागद तिच्याच एका तुकड्यात गुंडाळून त्यांच्या टेबलावर ठेवला. उद्यापासून तुझा डबा मीच आणेन, वेळच वेळ आहे. पाचव्या ठिगळाला जागा ठेवलेली नाही.